टाकून दिलेली बारूद

जिनिंगमध्ये रुई निघाली की सरकीवर आखूड पांढरी लव चिकटून राहते, हे वऱ्हाड-खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. ही लव यंत्राने खरवडून काढतात आणि व्यापारात तिला लिंटर म्हणतात. गाद्यांत, औषधी कापसात, चांगल्या कागदात तिचा उपयोग होतो. तिचे आणखी एक गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे बारुदीचा कारखाना. ही लव स्वच्छ करून नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात भिजवली, मग धुऊन वाळवली, की दिसायला ती कापसासारखीच राहते. पण काडी लावली तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भडकून संपते. १८४६ साली युरोपात हा शोध लागला. तोफेचा गोळा पुढे ढकलण्यासाठी त्याच्यामागे जी दारू भरतात, ती आजही मुख्यतः या नायट्रो कापसाची असते. एका अंगाने आपला कापूस आणि दुसऱ्या अंगाने आपल्या खतातला नत्र, यांच्या लग्नातून जन्मलेले हे बाळ आहे म्हणा ना.

आज लिहायचे आहे ते या बाळाच्या म्हातारपणाविषयी.

जुने झाले म्हणजे जोर गेला, अशी आपली साधारण समजूत असते. बियाणे दोन हंगाम पडून राहिले की उगवण घटते, सिमेंटच्या पोत्याला ओल लागली की त्याचा दगड होतो. बारुदीचे उलटे आहे. ती जसजशी जुनी होते तसतशी लहरी होते. ओल्या कडब्याची गंजी रचली तर काय होते ते तुम्ही पाहिले असेल. वरून गंजी शांत दिसते, पण आत हात घातला तर चटका बसतो, आणि एखाद्या दिवशी कोणी विडी न ओढताही धूर निघू लागतो. नायट्रो कापसाचे जवळजवळ तसेच आहे. थंड कोठारातसुद्धा तो अगदी सावकाश विघटत असतो. त्यातून नत्राची आम्लधर्मी वाफ सुटते, ती वाफ उरलेल्या मालाचे विघटन वाढवते, त्यातून उष्णता निघते आणि उष्णतेने पुन्हा वाफ वाढते. हे रहाटगाडगे रोखण्यासाठी कारखान्यातच त्यात डायफिनिल अमाइन नावाचे रसायन शेकडा एकाच्या आसपास मिसळतात. ते ही वाफ गिळते. राखणदारच समजा. पण वाफ गिळता गिळता राखणदार स्वतः संपत जातो. तो संपला आणि माल उन्हात, ओलीत, थरावर थर रचून ठेवलेला असला, तर कोणी काडी न लावता तो ढीग पेटतो. म्हणून शहाणे लष्कर आपल्या कोठारातल्या बारुदीचे नमुने वेळोवेळी तपासते आणि ज्यातला राखणदार थकला तो माल आधी बाहेर काढून नष्ट करते.

‘नष्ट करते’ हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. ते काम खरोखर कोण करतो, कसे करतो आणि झाले की नाही हे कोण पाहतो, यावर गावेच्या गावे अवलंबून असतात. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात यावरून जे घडले ते मला सविस्तर सांगायचे आहे, कारण त्यात आपल्यासारख्या खेड्यातल्या लोकांचा मोठा हात होता.

लुइझियानाच्या वायव्य कोपऱ्यात मिंडेन नावाचे एक लहान शहर आहे. चहूकडे पाइनच्या झाडांची राने. दुसऱ्या महायुद्धात शहराजवळ सरकारने दारूगोळ्याचा मोठा कारखाना उभारला, पंधरा हजार एकरांच्या आसपास जागेवर. पुढे कारखाना बंद पडला आणि जमीन राज्याच्या सैनिकी खात्याकडे आली. तिला कॅम्प मिंडेन म्हणतात. एवढ्या जागेचे करायचे काय? जुनी कोठारे, इमारती, रेल्वेचे रूळ सगळे तयारच होते, तेव्हा राज्याने त्यातला काही भाग खाजगी कंपन्यांना भाड्याने दिला. त्यातली एक कंपनी एक्स्प्लो सिस्टिम्स. तिचा धंदा जुना दारूगोळा मोडून देण्याचा.

२०१० साली अमेरिकी लष्कराने या कंपनीला सुमारे ८६ लाख डॉलरचा ठेका दिला. मोठ्या तोफांसाठी लागणारे बारुदीचे जुने भार मोडायचे, त्यातली एम-६ नावाची बारूद मोकळी करायची आणि तिची विल्हेवाट लावायची. आता या ठेक्यातली गोम पाहा. कंपनीला मोडण्याचे पैसे मिळत होतेच, शिवाय निघालेली बारूद खाणीतल्या सुरुंगांसाठी वगैरे विकायची मुभा होती. कागदावर हा सौदा सगळ्यांच्या फायद्याचा दिसतो. लष्कराचे कोठार मोकळे, कंपनीला दोन्हीकडून पैसा, मालही वाया जात नाही. पण बाजारात त्या मालाला पुरेसे गिऱ्हाईक नसले तर? आपल्याकडे कांदा किंवा टोमॅटो विकला गेला नाही तर तो कुजतो आणि लोकांना वास येतो. बारुदीला वास येत नाही. कंपनी भार मोडत राहिली आणि माल साठत राहिला. लष्कराला मात्र माल अमक्याला अमक्या कामासाठी विकला असे दाखले जात होते. त्यातले कितीतरी खोटे होते, हे नंतर फौजदारी खटल्यात निघाले.

१५ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास तिथले एक कोठार उडाले. आत १ लाख २४ हजार पौंड, म्हणजे साधारण ५६ टन धूरहीन बारूद होती. शेजारी उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये आणखी १९ टन एम-६ होती, तीही गेली. सहा किलोमीटरवरच्या मिंडेन शहरात खिडक्यांच्या काचा फुटल्या, जवळचे रेल्वेचे ११ डबे रुळांवरून घसरले, धुराचा लोट सात हजार फूट चढला. माणूस एकही दगावला नाही. रात्रीची वेळ आणि जागा मोठी, म्हणून लोक वाचले.

स्फोटाचा तपास करायला राज्याचे पोलीस नोव्हेंबरच्या अखेरीस कंपनीच्या आवारात शिरले आणि त्यांनी जे पाहिले त्यापुढे तो स्फोट किरकोळ वाटावा. एम-६ ची खोकी आणि पिंपे इमारतींत खच्चून भरलेली, वाटेत रचलेली, कितीतरी उघड्यावर पावसा-उन्हात पडलेली. काही फुटलेली, माल जमिनीवर सांडलेला. आधी अंदाज केला दहा लाख पौंडांचा. मोजता मोजता तो साठ लाखांवर गेला. शेवटी सगळा हिशेब लागला तेव्हा आकडा दीड कोटी पौंडांच्या वर होता. आपल्या मापात सांगायचे तर सुमारे ६,८०० टन. दहा टनी ट्रक भरले तर पावणेसातशेहून जास्त ट्रक लागतील. ज्या कोठाराने शहराच्या काचा फोडल्या त्याच्या शंभरपटीहून अधिक माल तिथे मागे पडलेला होता.

छावणीच्या कुंपणाजवळ डॉयलिन नावाचे गाव आहे, वस्ती आठशेच्या आसपास. डिसेंबर २०१२ च्या सुरुवातीला या गावाला घरे सोडायला सांगितले. शाळा बंद झाल्या, लोक नातेवाइकांकडे गेले आणि जवळजवळ आठवडाभर बाहेर राहिले. आपल्याकडे अशी वेळ आली तर काय होईल, याचा विचार मी करतो तेव्हा मला पहिल्यांदा गोठा आठवतो. माणसे पाहुण्यांकडे जातील, पण धारेच्या म्हशीला कोणाच्या दारात बांधणार? असो. गाव रिकामे असताना पोलिसांच्या देखरेखीखाली उघड्यावरचा माल उचलायला सुरुवात झाली. मातीचा भराव घातलेली जुनी कोठारे तिथे होतीच. आत काही झाले तर जोर वर जावा, शेजारी पसरू नये अशा बांधणीची. २०१३ च्या वसंतापर्यंत सगळी बारूद अशा ९७ कोठारांत वाटून ठेवली. हे तातडीचे काम त्यांनी चांगले केले असे माझे मत आहे. एका जागचा मोठा ढीग फोडून लांब लांब लहान ढीग करणे, सावलीत नेणे, ओल तोडणे, या उपायांनी धोका संपत नाही पण वेळ मिळतो.

वेळ मिळाला तो भांडणात गेला. ऑगस्ट २०१३ मध्ये कंपनीने दिवाळे काढले आणि ती निघून गेली. आता हा माल कोणाचा? लष्कर म्हणे, आम्ही ठेका दिला, पैसे मोजले, माल आमच्या हातून सुटला. राज्य म्हणे, जागा आमची खरी, पण बारूद तुम्ही पाठवलीत. तिसरे खाते पर्यावरण संरक्षणाचे. त्याने लष्कराला जबाबदार धरले आणि लष्कराने हात झटकले. बांधावरच्या झाडाची फांदी कोणी तोडायची यावर दोन भाऊबंद भांडावेत तसे हे वर्षभर चालले. फरक एवढाच की इकडे कोठारात राखणदार रसायन रोज थोडे थोडे संपत होते. लष्कराच्याच तज्ज्ञांनी कळवले की माल जास्त दिवस ठेवण्याजोगा नाही, तो आपोआप पेटू शकतो. आणि एक कोठार पेटले तर शेजारच्याचे काय, हे कोणी सांगू शकत नव्हते. अखेर ऑक्टोबर २०१४ मध्ये सगळ्यांत करार झाला. पैसे लष्कराने द्यायचे, काम राज्याच्या सैनिकी खात्याने करून घ्यायचे, देखरेख पर्यावरण खात्याने ठेवायची. खर्चाचा अंदाज १ कोटी ९० लाख डॉलरच्या आसपास.

इथून पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

करारात माल नष्ट करण्याची रीत ठरलेली होती. मोकळ्या मैदानावर पत्र्याच्या तसराळ्यांत बारूद पसरायची आणि पेटवून द्यायची, दिवसाला ८० हजार पौंडांपर्यंत, म्हणजे ३६ टन. लष्करात ही जुनी रूढ रीत आहे. स्वस्त पडते, लवकर होते, आणि माल कोठारात राहण्यापेक्षा जळलेला बरा हा युक्तिवादही खोटा नव्हता. पण एम-६ मध्ये नुसता कापूस नसतो. शेकडा दहाच्या आसपास डायनायट्रोटोल्युइन असते, आणि ते माणसाला कर्करोग करू शकते असे शास्त्रज्ञ मानतात. शेकडा तीनच्या आसपास डायब्यूटिल थॅलेट असते. मोकळ्यावर जाळताना सगळेच पूर्ण जळते असे नाही. चुलीत ओले सरपण घातल्यावर जसा अर्धवट जळालेला धूर घरभर होतो, तसा इथला अर्धवट जळालेला भाग वाऱ्यावर जाणार, मग शेतात, तळ्यात, गवतावर बसणार. आणि हे एक दिवस नव्हे, कित्येक महिने.

गावकऱ्यांना हे कळले तेव्हा ठेका निघण्याच्या बेतात होता. जवळच्या श्रीव्हपोर्ट शहरातल्या विद्यापीठाचे एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक पुढे आले आणि बारुदीत काय काय असते, जळताना काय निघते, हे त्यांनी सभांतून लोकांना समजेल अशा भाषेत सांगितले. जानेवारी २०१५ पर्यंत सभागृहे भरू लागली. त्या सभांना बायका मुलांना घेऊन येत. लोकांचे म्हणणे सरळ होते. बारूद नष्ट झालीच पाहिजे, लवकर झाली पाहिजे, पण आमच्या श्वासातून होऊ नये.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. लोक नुसते ‘नको’ म्हणून थांबले नाहीत. नुसते ‘नको’ म्हटले असते तर माल कोठारातच राहिला असता आणि तो तर सगळ्यांत वाईट पर्याय. पर्यावरण खात्याने जाळण्याचे काम थांबवले आणि एक चर्चा समिती नेमली. त्यात गावकरी होते, शास्त्रज्ञ होते, राज्याचे आणि केंद्राचे अधिकारी होते. या मंडळींनी काही आठवडे बसून एकेक रीत तपासली. बंद भट्टीत जाळणे, जास्त दाबाच्या तापलेल्या पाण्यात विघटन करणे, रसायनांनी तोडणे. प्रत्येकाला विचारले, ही रीत इतक्या मोठ्या मालावर कोणी केली आहे का, उभारायला किती महिने लागतील, धुराचे काय होते, कामगार किती वेळा माल हाताळतो. शेवटचा प्रश्न फार शहाणपणाचा आहे. जितके वेळा उचलठेव, तितके वेळा धोका. मार्च २०१५ मध्ये समितीने शिफारशी दिल्या आणि मे महिन्यात बंद भट्टी ठरली.

भट्टीचे काम कसे चालले तेही सांगतो, कारण ‘बंद भट्टी’ म्हटले की डोळ्यासमोर वीटभट्टी येते. तिथे एक जाड पोलादी कोठी होती. एका खेपेला सुमारे ४०० किलो बारूद आत सोडायची, दार बंद करायचे आणि लांबून पेटवायची. जळून तयार झालेला वायू कोठीतच कोंडला जातो. मग तो सावकाश पुढे सोडायचा. दुसऱ्या दालनात त्याला पुन्हा प्रखर आच द्यायची म्हणजे अर्धवट जळालेले जे असेल ते संपते. त्यानंतर गाळण्यांतून धुळीचे कण काढायचे, नत्राच्या वायूंचा बंदोबस्त करायचा, आणि मगच धुराड्याबाहेर. धुराड्यापाशी आणि कुंपणाभोवती हवेची तपासणी चालू आणि तिचे आकडे लोकांना पाहायला खुले. एप्रिल २०१६ मध्ये काम सुरू झाले. दिवसरात्र पाळ्या लावल्या. ४०० किलोची एक खेप धरली तर सगळा माल संपवायला सतरा हजार खेपा लागतात, म्हणजे वर्षभर रोज सरासरी चाळीस-पन्नास. एप्रिल २०१७ मध्ये एम-६ संपली. सोबत ३ लाख २० हजार पौंडांचा पेटवणी-मसालाही होता, तोही संपला.

मोकळ्यावर जाळण्यापेक्षा हे महाग पडले यात शंका नाही. वेळही जास्त गेला. काही अधिकारी तेव्हा म्हणत की तुमच्या हट्टापायी माल आणखी एक वर्ष कोठारात राहतो आहे. ते म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. त्या वर्षात मोठा अपघात झाला असता तर दोष गावकऱ्यांच्या माथी आला असता. तरी मला वाटते त्यांनी बरोबर केले, कारण भांडणात जे वर्ष गेले ते त्यांनी घालवलेले नव्हते.

काम संपल्यावर नवा पेच आला. एवढी चांगली भट्टी आयतीच उभी आहे, तर देशातला इतर ठिकाणचा जुना दारूगोळा इथेच आणून जाळावा, असा विचार काही जण मांडू लागले. डॉयलिन आणि मिंडेनच्या कितीतरी लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. आमच्या दारातली घाण काढायला भट्टी आली होती, दुसऱ्याची घाण आमच्या दारात आणायला नव्हे, आणि काम झाल्यावर ती हलवायची असे ठरले होते, हे त्यांचे म्हणणे. कंपनीच्या काही अधिकाऱ्यांना २०१८ मध्ये न्यायालयाने तुरुंगात धाडले.

हे दुखणे एकट्या अमेरिकेचे नाही. लेबनॉन देशातल्या बैरूत बंदरात २०१३ साली एक जहाज अडकले, त्यातले २,७५० टन अमोनियम नायट्रेट उतरवून गोदामात ठेवले आणि ते तसेच राहिले. अधिकारी एकमेकांना पत्रे लिहीत राहिले. ४ ऑगस्ट २०२० रोजी ते फुटले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर आपल्याकडे चेन्नईला जाग आली. तिथे सीमाशुल्क खात्याने २०१५ साली जप्त केलेले सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट ३७ कंटेनरांत शहराजवळ पडून होते. ते त्याच महिन्यात लिलाव करून हैदराबादकडे हलवले. पाच वर्षे पडून राहिलेला माल काही दिवसांत हलू शकतो, हे त्यातून दिसले. (आपण शेतात वापरतो ते कॅल्शियम अमोनियम नायट्रेट वेगळे. त्यात चुनखडीची भर असते. ते घरात आहे म्हणून घाबरून जाऊ नका. मात्र डिझेल, सरपण, कडबा यांच्यापासून ते लांब ठेवा.)

आपल्या वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी तिथल्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवला जात असताना स्फोट झाला आणि ६ माणसे गेली. माल उतरवायला आजूबाजूच्या खेड्यांतले मजूर होते. मिंडेनच्या समितीने कामगार किती वेळा माल उचलतो हा प्रश्न का विचारला, ते इथे कळते. अशा कामावर आपल्या घरातला कोणी जात असेल तर त्याने मजुरी किती एवढेच विचारू नये. माल कुठला, तो हाताळायचे शिक्षण कोण देणार, जागेवर जबाबदार माणूस कोण, विमा आहे का, हे विचारावे. उत्तर न देणाऱ्या ठेकेदाराच्या गाडीत बसू नये.

आता तुमच्या-माझ्या शिवारातली गोष्ट. आपल्याकडे टाकून दिलेली बारूद असते ती विहिरीच्या कामातली. खडक लागला की कॉम्प्रेसर येतो, छिद्रे पडतात, कांड्या भरतात, सुरुंग उडतो. काम संपल्यावर दोन-चार कांड्या आणि डिटोनेटर उरतात, आणि ‘पुढे गाळ काढताना लागतील’ म्हणून कोणीतरी ते कणगीमागे, माळ्यावर, नाहीतर मोटारीच्या खोलीत ठेवून देतो. वर्षे जातात. ठेवणारा विसरतो. दोन तारा लावलेली बोटाएवढी धातूची चकचकीत नळी एखाद्या दिवशी मुलाच्या हाती लागते. तिला खेळण्यातल्या बॅटरीचा सेलसुद्धा पुरतो. हाताची बोटे आणि डोळे जायला त्या एका नळीत भरपूर जोर असतो. कांड्याही ओल आणि उष्म्याने बिघडतात. चिकट झालेल्या, पाझरलेल्या, फुगलेल्या कांडीला हातही लावू नये.

कायद्याने सुरुंगाचा माल परवानाधारकाकडेच असायला हवा, आणि उरलेला माल त्यानेच परत नेला पाहिजे. शेतकऱ्याने घरी ठेवला तर त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून कामाच्या दिवशी मालकाने स्वतः उभे राहून कांड्या आणि डिटोनेटर किती आले, किती भरले, किती उरले हे मोजावे, वहीत लिहावे आणि उरलेले गाडीत परत चढलेले डोळ्यांनी पाहावे. ‘राहू द्या दादा, पुढच्या खेपेला नेतो’ असे तो म्हणाला तर त्याची शेवटची रक्कम द्यायची नाही. मिंडेनला लष्कराने हेच केले असते तर पुढचे बरेचसे टळले असते.

घरात असा जुना माल आधीच असेल, वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळचा, तर तो उचलू नका. तो जाळू नका, पुरू नका, विहिरीत किंवा नदीत टाकू नका. पुष्कळ भले लोक असा माल पिशवीत घालून मोटारसायकलवर पोलीस ठाण्यात नेतात. हेतू चांगला पण खड्ड्यांचा रस्ता आणि तापलेले इंजिन यांना हेतू कळत नाही. माल जिथे आहे तिथेच ठेवा, मुलाबाळांना आणि जनावरांना लांब करा, खोलीला कुलूप लावा, जवळ विडी-काडी, चूल, मोबाइल काही नको. पोलीस पाटलांना सांगा किंवा लांब जाऊन ११२ वर कळवा. जिल्ह्याचे बॉम्बशोधक व नाशक पथक येऊन तो माल नेते. आपणहून कळवणाऱ्याला त्रास होईल ही भीती खरी आहे, म्हणून सरपंच, पोलीस पाटील यांना सोबत घेऊन, काय सापडले, केव्हा, कोठे, असा दोन ओळींचा अर्ज लिहून त्याची पोच घ्या.

एक गोष्ट राहिली. विहिरीवर भरलेल्या छिद्रांपैकी एखादे न फुटता राहते. सुरुंग मोजा; आठ भरले आणि सातच आवाज आले तर विहिरीत उतरायचे नाही. परवानाधारक माणूस सांगेल तेवढा वेळ थांबायचे, आणि ते छिद्र त्यानेच पाहायचे. पहारीने टोकून पाहणे, त्याच छिद्रात पुन्हा ड्रिल घालणे, तारा ओढून काढणे, यात दर उन्हाळ्यात माणसे जातात. बाहेर काढलेल्या दगडांच्या ढिगातही अर्धी कांडी किंवा तारेचा तुकडा असू शकतो, तेव्हा पोकलेन लावण्यापूर्वी किंवा ते दगड बांधाला घालण्यापूर्वी ढीग एकदा दिवसाउजेडी नीट पाहून घ्या, आणि तार दिसली की काम तिथेच थांबवा.